पट्टा रेल्वेचा, प्रवासी शहराचा

दिल्लीतील सरोजिनीनगर, सेवानगर, लोधी कॉलनी या वसाहतींत ज्या मराठी अधिकाऱ्यांनी आणि कर्मचाऱ्यांनी उमेदीची वर्षे काढली, त्यांना रिंग रेल्वेची शिट्टी परिचित आहे. गाडी मात्र फारशी परिचित नाही. सरकारी क्वार्टर्सच्या पाठीमागून जाणारा हा लोहमार्ग सुमारे ३५ किलोमीटरचे वर्तुळ पूर्ण करतो. तो मुळात मालगाड्यांना गजबजलेली स्थानके टाळून बाहेरच्या बाहेर जाता यावे म्हणून १९७५ मध्ये बांधला गेला. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने त्याला प्रवासी सेवेची झालर लागली, स्थानके सजली, जादा गाड्या सोडण्यात आल्या. स्पर्धा संपल्या आणि हळूहळू प्रवासीही संपले. निजामुद्दीन, लाजपतनगर, सेवानगर, लोधी कॉलनी, सरोजिनीनगर, सफदरजंग, चाणक्यपुरी, पटेलनगर, दयाबस्ती असा हा मार्ग राजधानीच्या ऐन वस्तीतून जातो. एखाद्या युरोपीय शहराला असा तयार पट्टा लाभला असता, तर दर दहा मिनिटांनी गाडी सोडण्याची योजना तेथील नगरपालिकेने केव्हाच आखली असती. दिल्लीत दिवसाकाठी सुटणाऱ्या प्रवासी गाड्या मोजक्याच आहेत. सफदरजंग स्थानकाची ख्याती तर श्रीमंत पर्यटकांची 'पॅलेस ऑन व्हील्स' तेथून सुटते एवढ्यापुरतीच उरली आहे.

दरम्यान दिल्ली मेट्रोने याच वर्तुळाच्या आसपास स्वतःचे दुसरे वर्तुळ उभारायला घेतले. २०१८ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या गुलाबी मार्गिकेवर सरोजिनीनगर आहे, लाजपतनगर आहे, निजामुद्दीनही आहे. स्थानकांची नावे तीच. तिकीट निराळे, मालक निराळा, मंत्रालय निराळे. एकाच शहरात, एकाच प्रवाशासाठी दोन वर्तुळे आखली गेली आणि दोहोंचा मेळ घालण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे आजतागायत ठरलेले नाही. गोम नेमकी इथेच आहे. रेल्वेच्या पट्ट्यात शहरी लोकल किंवा हलकी रेल्वे चालवावी ही कल्पना देशातल्या जवळजवळ प्रत्येक महानगरात कधी ना कधी मांडली गेली आहे. ती अडते ती अभियांत्रिकीत नव्हे, तर मालकी आणि अधिकार यांच्या प्रश्नावर.

या अधिकारांची वाटणी राज्यघटनेतच आहे आणि ती वाचण्याजोगी आहे. सातव्या परिशिष्टातील केंद्रीय सूचीत २२व्या क्रमांकावर 'रेल्वे' हा एकच शब्द आहे. राज्यसूचीत १३व्या क्रमांकावर रस्ते, पूल, नौकाघाट यांच्या सोबतीला 'नगरपालिका ट्रामवे' बसवले आहेत. शिवाय ३६६व्या अनुच्छेदात 'रेल्वे'ची व्याख्या करताना संपूर्णपणे एका नगरपालिकेच्या हद्दीत असलेली ट्राम ही रेल्वे नव्हे, असा खुलासाही आहे. १९३५च्या कायद्यात 'छोटे रेल्वेमार्ग'देखील काही अटींवर प्रांतांकडे होते. स्वतंत्र भारताची घटना लिहिताना ते वगळले गेले, ट्राम तेवढी राहिली. घटनाकारांच्या काळी मुंबईत 'बेस्ट' ही महापालिकेच्या मालकीची झाली होती, ट्राम आणि वीज या दोन्ही गोष्टी ती चालवीत होती. कोलकाता आणि दिल्लीतही ट्राम धावत होत्या. शहराने आपल्या रुळांवर आपली गाडी चालवावी, हे त्या पिढीला मुळीच अघटित वाटत नव्हते. पुढे १९६३ मध्ये दिल्लीची आणि ३१ मार्च १९६४ रोजी मुंबईची ट्राम बंद झाली. कोलकात्याने ती रेटली खरी, पण तेथेही २०२४ मध्ये राज्य सरकारने एस्प्लनेड ते मैदान हा वारसामार्ग वगळता ट्राम बंद करण्याचा मनोदय जाहीर केला. घटनेतील 'नगरपालिका ट्रामवे' हे शब्द मात्र जागेवरच आहेत.

ते निव्वळ शोभेचे नाहीत, याची दोन उदाहरणे अलीकडच्या इतिहासात आहेत. हैदराबादची मेट्रो उभारायचे ठरले, तेव्हा तत्कालीन आंध्र प्रदेश सरकारने २००८ मध्ये चक्क 'म्युनिसिपल ट्रामवे' कायदा करून घेतला, म्हणजे केंद्राच्या परवानगीची पायरी टळेल असा हिशेब होता. पुढे केंद्राच्या मेट्रो कायद्याच्या छत्राखाली जावेच लागले. दुसरे उदाहरण मुंबईचे. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर या पहिल्या मेट्रोचा करार राज्य सरकारने १८८६च्या ट्रामवे कायद्याच्या आधारे केला होता आणि त्यात तिकिटाचे दर ९ ते १३ रुपये असे ठरले होते. मार्ग पूर्ण होईतो २०१३ मध्ये तो केंद्रीय मेट्रो कायद्याखाली अधिसूचित झाला. जून २०१४ मध्ये गाडी सुरू झाली आणि चालवणाऱ्या कंपनीने नव्या कायद्यान्वये सुरुवातीचे दर ठरवण्याचा अधिकार आपला आहे असे सांगून १० ते ४० रुपयांचा तक्ता पुढे केला. राज्य सरकार न्यायालयात गेले; कंपनीला रोखण्यास मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला. कायद्याचे नाव बदलले आणि तिकिटाच्या दरावरचे मंत्रालयाचे नियंत्रण सुटले. ट्राम की रेल्वे, हा शब्दच्छल वाटणारा वाद अंधेरीच्या प्रवाशाच्या खिशापर्यंत असा पोहोचला.

केंद्रातही सगळे एका छताखाली नाही. १९८६ मध्ये नागरी वाहतुकीच्या नियोजनाचे काम रेल्वे मंत्रालयाकडून काढून नगरविकास मंत्रालयाकडे देण्यात आले. तांत्रिक बाबी रेल्वेकडे राहिल्या, आणि रुळांच्या सुरक्षेचे प्रमाणपत्र देणारे आयुक्त हे नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहेत! राजधानीच्या कारभारात अशा गमती नव्या नाहीत. परंतु या विभागणीचा परिणाम गंभीर झाला. शहराची गरज जाणणाऱ्या मंत्रालयाकडे रूळ नाहीत आणि रूळ ज्याच्याकडे आहेत त्या रेल भवनाला शहर हे लांब पल्ल्याच्या गाडीच्या वाटेतला अडथळा वाटते. दिल्ली मेट्रोच्या पहिल्या टप्प्यावरून हा संघर्ष उघड झाला. ई. श्रीधरन यांना जगभर प्रचलित असलेला प्रमाणित गेज हवा होता. रेल्वेने ब्रॉडगेजचा आग्रह धरला. मेट्रोची गाडी उद्या रेल्वेच्या रुळांवरून धावू शकेल, हा त्यामागचा एक युक्तिवाद होता. रेल्वेचे म्हणणे मान्य झाले. २४ डिसेंबर २००२ रोजी शाहदरा-तीस हजारी मार्गाचे उद्घाटन झाले ते ब्रॉडगेजवरच. तेव्हापासून आजवर मेट्रोची एकही प्रवासी गाडी रेल्वेच्या रुळांवर गेलेली नाही. पुढच्या टप्प्यांतील नव्या मार्गिका प्रमाणित गेजवर बांधल्या गेल्या आणि राजधानीच्या मेट्रोत दोन मापांचे रूळ कायमचे आले.

या पार्श्वभूमीवर बंगळूरचा उपनगरी रेल्वे प्रकल्प बारकाईने पाहावा लागतो, कारण रेल्वेहद्दीत शहरी वाहतूक उभारण्याचा देशातला सध्याचा सर्वांत मोठा प्रयोग तोच आहे. ही मागणी १९८३ पासूनची. मधल्या काळात सी. के. जाफर शरीफ यांच्या रूपाने कर्नाटकाला रेल्वेमंत्रिपदही मिळाले, पण त्यांच्या कारकिर्दीतील मोठा कार्यक्रम होता तो मीटरगेजचे ब्रॉडगेज करण्याचा; बंगळूरच्या चाकरमान्याची लोकल त्यात नव्हती. माहिती तंत्रज्ञानाच्या लाटेवर शहर फुगत गेले, व्हाइटफील्डच्या रस्त्यावर तासन् तास अडकणारे लोक, त्यात पुण्या-नागपूरहून गेलेले मराठी अभियंतेही आले, शेजारून धावणाऱ्या रिकाम्या रुळांकडे पाहत राहिले. नागरिकांच्या गटांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, अनंतकुमार यांनी दिल्लीत विषय लावून धरला. अखेर ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीने १४८ किलोमीटर लांबीच्या आणि १५,७६७ कोटी रुपये खर्चाच्या योजनेला मंजुरी दिली. चार मार्गिकांना फुलांची नावे दिली गेली : संपिगे, मल्लिगे, पारिजात आणि कनक.

योजनेचा आराखडा कागदावर चोख आहे. खर्चाचा पाचवा हिस्सा केंद्राचा, पाचवा राज्याचा, उरलेले साठ टक्के कर्ज. बांधणारी कंपनी 'के-राइड' ही राज्य आणि रेल्वे यांची भागीदारी. राज्याचे ५१ टक्के, रेल्वेचे ४९. अशा संयुक्त कंपन्यांची कल्पना सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना २०१६ मध्ये मार्गी लागली होती आणि महाराष्ट्रातील 'महारेल' ही त्याच कुळातली. जून २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते बंगळूरच्या प्रकल्पाची पायाभरणी झाली, तेव्हा चाळीस महिन्यांची मुदत जाहीर झाली होती. ती ऑक्टोबर २०२५ मध्ये उलटली. तोवर एकही मार्गिका सुरू झाली नव्हती. उलट त्याच वर्षी दोन मार्गिकांचे काम करणाऱ्या बड्या कंत्राटदार कंपनीने जागा वेळेवर हाती येत नसल्याची तक्रार करीत करारातून अंग काढून घेतले होते.

जागा तर रेल्वेची, मग ती मिळत का नाही, असा प्रश्न बाहेरच्याला पडेल. रेल्वेच्या पट्ट्याचे अर्थकारण समजून घेतल्याशिवाय त्याचे उत्तर मिळत नाही. देशभरात रेल्वेकडे सुमारे ४.८ लाख हेक्टर जमीन आहे आणि तिचा फार मोठा भाग रुळांखाली व रुळांलगत आहे. शहरातला हा पट्टा रेल्वेला आज रिकामा दिसत असला तरी उद्याच्या तिसऱ्या-चौथ्या मार्गासाठी, सिग्नलच्या खोल्यांसाठी, मालधक्क्यासाठी तो राखीव असतो. शहराला दोन रूळ टाकू दिले, तर पुढची पन्नास वर्षे आपला विस्तार गोठेल, ही विभागीय अधिकाऱ्याची भीती अनाठायी नाही. त्याच्या बढतीचा हिशेब मालवाहतूक आणि मेल-एक्स्प्रेस यांच्या वेळापत्रकावर होतो. शहरातील प्रवासी ही त्याच्या खात्यावरची तोट्याची बाब. २००५ नंतर रेल्वेची मोकळी जमीन व्यापारी तत्त्वावर विकसित करण्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण आले आणि स्थानकाजवळच्या जमिनीला जागेवरच बाजारभाव दिसू लागला. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्राने मालवाहतुकीच्या टर्मिनलसाठी रेल्वेच्या जमिनीचे शुल्क बाजारमूल्याच्या सहा टक्क्यांवरून दीड टक्क्यावर आणले आणि भाडेपट्टा ३५ वर्षांपर्यंत वाढवला. मालाला सवलत द्यायला रेल्वेला अडचण आली नाही, हे नोंदवायला हवे.

दुसरीकडे महापालिकेच्या हाती काय आहे? रेल्वे कायद्याच्या ११व्या कलमान्वये रेल्वेला आपल्या कामांसाठी इतर कायद्यांची आडकाठी नाही. २८५व्या अनुच्छेदामुळे केंद्राच्या मालमत्तेवर महापालिका कर लावू शकत नाही, सेवाशुल्काच्या वाटाघाटी करीत बसते. ७४व्या घटनादुरुस्तीने शहरांना दिलेल्या अठरा विषयांच्या यादीत नगररचना आहे, रस्ते आणि पूल आहेत, वाहनतळ आणि बसथांबेही आहेत. सार्वजनिक वाहतूक नाही. थांबा महापालिकेचा, त्यावर थांबणाऱ्या बसचा मालक कोणीही असो! साहजिकच के-राइडच्या भागीदारीत राज्य आहे, रेल्वे आहे. बंगळूर शहर नाही. तेथील महापालिकेची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली आणि महिनाभरातच शहराचा नकाशा बदलणाऱ्या या प्रकल्पाला दिल्लीत मंजुरी मिळाली. त्यानंतर पायाभरणी झाली, कंत्राटे दिली गेली, मोडली गेली, महापालिका मोडून २०२५ मध्ये पाच महापालिका आणि त्यांवर एक प्राधिकरण अशी नवी रचनाही आली. या सर्व काळात बंगळूरला निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता. मुंबईकरांनी या गोष्टीला हसण्याचे कारण नाही. मार्च २०२२ नंतर जवळपास चार वर्षे त्यांच्याही महापालिकेचे सभागृह रिकामेच होते.

हैदराबाद आणि चेन्नई यांचे अनुभव फार वेगळे नाहीत, तपशील तेवढा निराळा. हैदराबादची 'एमएमटीएस' ऑगस्ट २००३ मध्ये सुरू झाली ती राज्य आणि रेल्वे यांच्या निम्म्या-निम्म्या खर्चातून, अस्तित्वात असलेल्या रुळांवर, त्या मानाने थोडक्या पैशांत. दुसऱ्या टप्प्यात राज्याचा वाटा दोन तृतीयांश झाला. मग राज्य फुटले, तेलंगणाचा हिस्सा रखडला, आणि २०१२-१३ मध्ये मंजूर झालेल्या मार्गांचे लोकार्पण २०२३ आणि २०२४ मध्ये तुकड्या-तुकड्यांनी झाले. रूळ लांब पल्ल्याच्या गाड्यांशी वाटून घ्यायचे असल्याने लोकल केव्हा येईल याची शाश्वती तेथील प्रवाशाला कधीच मिळाली नाही. चेन्नईत रेल्वेने बकिंगहॅम कालव्याच्या काठाने स्वतःच उंचावरील मार्ग बांधला. प्रचंड स्थानके उभी राहिली आणि ओस पडली, कारण त्यांच्यापर्यंत बस आणून सोडणे रेल्वेच्या हाती नव्हते आणि ज्यांच्या हाती होते त्यांना ती स्थानके आपली वाटत नव्हती. वेलचेरीपासून सेंट थॉमस माउंटपर्यंतचा पाच किलोमीटरचा जोड शेवटच्या अर्ध्या किलोमीटरच्या भूसंपादनावरून वर्षानुवर्षे लोंबकळला.

कोलकात्याचा धडा राजकीय आहे. तेथील मेट्रो ही देशात रेल्वे मंत्रालयाच्या मालकीची एकमेव मेट्रो. ममता बॅनर्जी रेल्वेमंत्री असताना तिच्या विस्ताराच्या घोषणांचा पाऊस पडला आणि पूर्व-पश्चिम मेट्रोचा प्रकल्पही नगरविकासाकडून रेल्वेकडे वळला. मुंबई रेल्वे विकास महामंडळ जुलै १९९९ मध्ये स्थापन झाले, तेव्हा राम नाईक रेल्वे राज्यमंत्री होते, हा योगायोग समजण्याचे कारण नाही. ज्या शहराचा माणूस रेल भवनात, त्या शहराचे रूळ हलतात. बाकीच्यांनी निवेदने द्यावीत. असे नशिबावर चालणारे नियोजन चाळीस लाखांच्या शहराला परवडत नाही.

परदेशात हे कसे घडले, याचा एक दाखला येथे उपयोगी आहे. अमेरिकेत सॅन डिएगो शहरापासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत जाणारा एक जुना मालमार्ग होता. सप्टेंबर १९७६ मधील वादळात त्या रेल्वेचा डोंगरातला भाग वाहून गेला आणि मालक कंपनीने मार्ग बंद करण्याची परवानगी मागितली. त्याच्या आधीच्या वर्षी राज्याच्या कायद्याने सॅन डिएगोत एक वाहतूक मंडळ स्थापन झाले होते. त्या मंडळाने १९७९ मध्ये ती रेल्वे १ कोटी ८१ लाख डॉलरना विकत घेतली आणि जुलै १९८१ मध्ये सुमारे २५ किलोमीटरची ट्रॉली सुरू केली. संघराज्य सरकारचा एक डॉलरही घेतला नाही. दिवसा प्रवासी, रात्री त्याच रुळांवर मालगाडी, अशी वाटणी केली. मालवाहतूक बंद पडली नाही आणि शहराला भुयारे खोदावी लागली नाहीत. पुढे लॉस एंजेलिसनेही सदर्न पॅसिफिकचे पट्टे विकत घेऊन ठेवले. त्यांतल्या एकावर २०१२ मध्ये एक्स्पो मार्गिका धावू लागली. इंग्लंडात मँचेस्टरने १९९२ मध्ये बरी आणि ऑल्ट्रिंगहॅमचे रेल्वेमार्ग ट्रामकडे वळवले, आणि त्याच वर्षी जर्मनीतील कार्ल्सरूहेची ट्राम शहरातून निघून थेट मुख्य रेल्वेच्या रुळांवर धावू लागली.

हे दाखले देताना एक फरक विसरता येत नाही. सॅन डिएगोपुढे एक खासगी कंपनी उभी होती, तिला मार्ग नकोसा झाला होता आणि किंमत ठरवून सौदा करता आला. भारतात शहरापुढे उभे असते ते भारत सरकार, आणि त्याला आपला कोणताही मार्ग नकोसा झाल्याचे मान्य करणे जड जाते. म्हणून येथे खरेदी नव्हे, तर रूळ वापरण्याच्या वेळांचा आणि पट्ट्याच्या वापराचा लेखी, मुदतबंद हक्क शहराला देणे एवढाच व्यवहार्य मार्ग उरतो. कार्ल्सरूहेतही ट्रामने रूळ विकत घेतले नाहीत. वापराचे करार केले. रिंग रेल्वेवरून सकाळ-संध्याकाळ चार तास मालगाड्या वर्ज्य करून ते तास दिल्लीच्या परिवहन यंत्रणेला नियमित शुल्क घेऊन द्यावेत, यासाठी नवा कायदा लागत नाही. लागते ती रेल भवनातील एका स्वाक्षरीची आणि दिल्ली सरकारच्या तिजोरीतील तोटा भरून काढण्याच्या हमीची. हमीबद्दल दिल्लीने आजवर मौन बाळगले आहे, हेही रेल्वेच्या बाजूने सांगायला हवे. राज्य सरकारांना उद्घाटनाचा फलक हवा असतो. पाचव्या वर्षीचा तोटा कोणालाच नको असतो.

परंतु पट्टा रिकामा आहे असे म्हणणेच मुळात अर्धसत्य आहे. नकाशावर रिकाम्या दिसणाऱ्या या जमिनीवर माणसे राहतात. ३१ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील १४० किलोमीटर रेल्वेमार्गालगतच्या सुमारे ४८ हजार झोपड्या तीन महिन्यांत हटवण्याचा आदेश दिला, तोही करोनाच्या साथीत. पर्यायी व्यवस्थेचा निर्णय होईतो कारवाई करणार नाही, असे केंद्राने नंतर न्यायालयाला सांगितले आणि तूर्त ते संकट टळले. जानेवारी २०२३ मध्ये हल्द्वानीतील रेल्वेच्या म्हणवल्या जाणाऱ्या जमिनीवरील हजारो कुटुंबांना हटवण्यास सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. पन्नास हजार माणसांना सात दिवसांत उठवता येत नाही, हा त्यामागचा साधा विचार होता. रुळांलगतच्या या वस्त्यांत घरकाम करणाऱ्या बाया, रिक्षाचालक, बांधकामावरचे मजूर राहतात आणि ज्या गाडीसाठी त्यांना उठवायचे त्या गाडीच्या प्रवाशांत पहिली गणना खरे तर त्यांचीच व्हायला हवी.

या बाबतीत मुंबईचा अनुभव देशाला काही शिकवू शकतो. जागतिक बँकेच्या कर्जातून झालेल्या मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात रुळांलगतच्या आणि रस्त्याकडेच्या मिळून सुमारे एक लाख माणसांचे पुनर्वसन करण्यात आले. झोपडीवासीयांच्या संघटनांना गणनेच्या कामात सामील करून घेतले गेले, घर आधी आणि झोपडी नंतर हे तत्त्व निदान मान्य झाले. मानखुर्द-गोवंडीकडच्या त्या इमारतींची पुढे काय अवस्था झाली, रोजगार किती दुरावला, हा वेगळा आणि कडू विषय आहे. तरीही पाचवी-सहावी मार्गिका पडली ती या पुनर्वसनामुळेच. बंगळूर वा दिल्लीच्या आराखड्यात पुनर्वसनाचे पान इतके ठळक नाही. जेथे महापालिकेला भागीदारच केले नाही, तेथे घरांसाठी जागा कोण देणार?

हलक्या रेल्वेचे म्हणाल, तर केंद्राने तिचे नामकरण २०१९ मध्येच 'मेट्रोलाइट' असे करून तांत्रिक निकषही प्रसिद्ध केले होते. मेट्रोच्या सुमारे चाळीस टक्के खर्चात मध्यम शहरांना रुळावरची वाहतूक मिळेल, असे तेव्हा सांगण्यात आले. दिल्लीतच कीर्तीनगर ते द्वारका अशा एका मार्गाचा विचार झाला. आजवर एकाही शहरात मेट्रोलाइट धावलेली नाही. प्रत्येक मुख्यमंत्र्याला पूर्ण मेट्रो हवी असते, कारण हलकी या शब्दातच कमीपणा वाटतो. नाशिकचे उदाहरण ताजे आहे : रबरी टायरवरच्या 'निओ'साठी २०२१च्या अर्थसंकल्पात २,०९२ कोटींची घोषणा झाली आणि शहर वाट पाहत राहिले. नागपूरने शहाणपणाची वाट शोधली होती. नितीन गडकरी यांच्या पुढाकाराने २०१८ मध्ये महामेट्रो, राज्य आणि रेल्वे यांच्यात करार झाला. वर्धा, रामटेक, नरखेड, भंडारा रोड या दिशांना रेल्वेच्याच ब्रॉडगेज रुळांवर महामेट्रोच्या गाड्या धावायच्या होत्या. नवा पट्टा नको, नवे खांब नकोत. कल्पना कार्ल्सरूहेच्या जवळची; करार होऊन वर्षे लोटली, विदर्भातील प्रवासी मात्र पॅसेंजरनेच जातो आहे.

मराठी माणसाला जिव्हाळ्याचा वाटावा असा आणखी एक पट्टा ग्वाल्हेरात आहे. माधवराव शिंद्यांच्या संस्थानाने बांधलेली दोन फुटी रुळांची लाइट रेल्वे ग्वाल्हेरपासून श्योपूरपर्यंत सुमारे दोनशे किलोमीटर जात असे आणि शहरात तर रस्ते ओलांडत, दुकानांना खेटून जात असे. मार्च २०२० मध्ये ती थांबली ती पुन्हा सुरू झाली नाही. ब्रॉडगेजचे काम शहराबाहेरच्या बिर्लानगर बाजूने पुढे सरकले आहे. शहरातला जुना अरुंद पट्टा मागे उरला. त्याचे काय करायचे, हे ठरवण्याची ही वेळ आहे. कारण अशा पट्ट्यावर एकदा रस्ता झाला किंवा दुकानांची रांग उभी राहिली, की तो सलग पट्टा म्हणून परत मिळत नाही. ग्वाल्हेरच्या महापालिकेने तो रेल्वेकडून भाडेपट्ट्याने मागावा, निदान तो तुकड्यांनी विकला जाऊ नये एवढी हमी घ्यावी. नावातच लाइट रेल्वे असलेला मार्ग देशात दुसरीकडे शोधावा लागेल.

तूर्त लक्ष ठेवण्याजोगी घडामोड चेन्नईची आहे. तेथील उंचावरचा रेल्वेमार्ग चेन्नई मेट्रोकडे सोपवण्यास रेल्वे बोर्डाने २०२५ मध्ये तत्त्वतः मंजुरी दिली. रेल्वेने बांधलेला, रेल्वेच्या ताब्यातील शहरी मार्ग राज्याचा निम्मा वाटा असलेल्या कंपनीकडे जाण्याचा हा देशातला पहिलाच मोठा व्यवहार ठरेल. त्याच्या कराराच्या तरतुदींत खरी मेख असेल : स्थानकांवरच्या मोकळ्या मजल्यांचे भाडे कोणाला, खालच्या जमिनीची मालकी कोणाकडे, कर्मचारी कोणाचे, आणि तिकीट दरांवर शेवटचा शब्द कोणाचा. कोलकात्याच्या चक्ररेल्वेपासून दिल्लीच्या रिंग रेल्वेपर्यंत प्रत्येक शहराची फाइल त्या कराराचा मसुदा समोर आला की पुन्हा उघडावी लागणार आहे.